जीपला दोन ब्रेक

७ मार्च

ताई,

हे पत्र मी टाळत होते, ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तू विचारायला नको. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तर पाकीट नव्हतं. पाकीट आणलं तर त्याच्यावर मुकादमाने कुठल्या मजल्याचे किती टॉवेल ते खरडून ठेवलं. ही सगळी कारणं खरी आहेत, पण खरं कारण ते नाही. तुला लिहायला बसलं की मला आधी चीड येते, आणि चिडले की माझं अक्षर मलाच वाचता येत नाही.

फोन करायचा तर तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, का तर मी म्हणे बाबांची वकिली करते. आणि बाबा माझा फोन दोन वाक्यांत ठेवतात, का तर मी म्हणे तुझी वकिली करते. फी कुणीच देत नाही.

मी सध्या एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात आहे. रोपवाटिका सोडली, त्याची गोष्ट मोठी आहे, त्यात एक बकरी आहे, ती नंतर सांगते. इथे काम म्हणजे चादरी. दोघींनी चार कोपरे धरायचे, झटकायच्या, घडी घालायची, पुढे सरकवायची. माझ्या समोरचे दोन कोपरे इस्त्रीमावशी धरते. तिचं खरं नाव कुणाला माहीत नाही, पगाराच्या दिवशीसुद्धा मुकादम "मावशी" म्हणूनच हाक मारतो. तिने इस्त्रीच्या रोलरच्या वरच्या फळीवर टीव्ही ठेवलाय. वाफेने त्याचा पडदा कडेने पिवळा पडलाय, पण दिसतं.

तर परवा काय लागलं असेल? 'चौकी पलीकडे'. आणि त्यातला तोच भाग, पुलावरचा. माझी घडी अशी बिघडली की चादर परत धुवायला टाकावी लागली.

तुला आठवतो ना? आपण दोघी जमिनीवर पालथ्या पडून बघायचो, आणि बाबा मागे पेपराआडून जीपच्या चुका काढायचे. खून कुणाचा झाला त्याचं त्यांना काही नाही. "दुसऱ्या गियरमध्ये एवढ्या वेगात? बंद पडेल ती." ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या माणसाबरोबर पोलिसांची मालिका बघणं म्हणजे शिक्षाच. मला पुढची बरीच वर्षं वाटत होतं की खुनी सापडतो तो गियर नीट टाकल्यामुळे.

पुन्हा बघितल्यावर सांगते, तो भाग वाटतो तेवढा चांगला नाहीये. वॉचमनच्या खुनाचा तपास अगदीच पोरकट आहे. तीन जण संशयित, त्यातला एक सारखा घाम पुसतोय, मग तोच नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हाताऱ्या हवालदाराने मित्राला वाचवायला पुरावा लपवला, हेही इन्स्पेक्टरबाईंना उशिरा कळतं. मावशी तर पहिल्याच मिनिटाला म्हणाली, "बघ, किल्ली खिशात घातली मेल्याने." पण शेवट, ताई. इन्स्पेक्टरबाई त्याला निलंबित करतात आणि स्वतःच जीपमधून घरी सोडतात. दोघं बोलत नाहीत. तो उतरतो. बाई इंजिन बंद करत नाहीत. तो फाटकाशी पाठमोरा उभा, ती समोर बघतेय, आणि खल्लास. त्यानंतर तो हवालदार मालिकेत परत आलाच नाही. मावशी अजून त्या लेखकाला शिव्या देते, सकाळच्या पहिल्या चहापासून.

म्हणून लोकांनी पुढच्या गोष्टी स्वतःच लिहिल्यात. फॅन फिक्शन म्हणतात त्याला. मावशी दुसरं काही वाचत नाही. तिने मला एक साइट दाखवली, आणि आता मीही गेले कामातून. तुला तीन सुचवते.

पहिली, 'उरलेली सही'. बाई निलंबनाच्या कागदावर त्याची सही राहिली म्हणून त्याच्या घरी जातात. सुरुवात झकास, पुढे लिहिणारीला स्वयंपाकघराचं वर्णन करायचं वेड लागतं आणि सही राहूनच जाते. दुसरीत हवालदार सायकलचं दुकान काढतो आणि बाईंचं लग्न जमवतो. ही वाचू नकोस. मी दोनदा वाचली.

तिसरी मात्र वाचच. 'इंजिन चालू'. लिहिणाऱ्याने नाव घेतलंय 'शेजारची सीट'. अजून चालू आहे, दर आठवड्याला एक भाग येतो. हवालदार फाटकाशी उभा राहून मागचं आठवतो, एवढंच. तो आणि बाई कितीदा जीपमधून हिंडले, ती वळणं कशी घ्यायची. एका भागात वळणावर तो ब्रेक दाबतो आणि बाई चिडून गाडी सोडून चालत जातात. स्वल्पविराम कुठेही नाही. वाचताना धाप लागते, पण सोडवत नाही.

आता ज्यासाठी लिहिलं ते. बाबा जिन्यात पडले. हाड मोडलं नाही, पण डॉक्टर म्हणाले की तिसरा मजला आता बंद, आणि एकट्याने राहणंही बंद. तुझ्याकडे तळमजल्यावर रिकामी खोली आहे. माझ्याकडे काय आहे? एक खाट, आणि तिच्याखाली हॉटेलचे फाटके टॉवेल. मी त्यांना म्हटलं, "ताईला सांगते."

"सांगायला मी काही मेलेलो नाही."

"मग तुम्ही बोला."

"तिला वेळ असेल तर ती करेल फोन."

सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, तुमचा दोघांचाही. शेजारच्या खोलीतले काका सांगत होते की बाबांनी एप्रिलअखेर खोली सोडतो म्हणून मालकाला कळवलंय आणि वृद्धाश्रमात नाव घालून आलेत. तिथून कुणी परत येतं असं मी तरी ऐकलेलं नाही. काका आणखी एक म्हणाले, ते दुपारी दार लावून एकटेच बोलत बसतात. मोठ्याने. मध्येच थांबतात, परत बोलतात.

एका ब्रेकपायी, ताई. शिकवायच्या गाडीला शेजारच्या सीटपाशी दुसरा ब्रेक असतो तो दाबायलाच असतो. तू चालवून दाखवत होतीस, मागे शिकाऊ मुलगी बसली होती, तिच्यासमोर त्यांनी तो दाबला, ती फिस्सकन हसली. कबूल, वाईट झालं. पण म्हणून गाव सोडायचं, दुसरं स्कूल काढायचं, आणि अजून बोलायचं नाही?

उत्तर पाठव. कार्ड चालेल.

भिंगरी


१९ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एवढंच लिहायला तुलाच जमतं. "गोष्टी वाचायला वेळ नसतो. यायचं असेल तर त्यांनी स्वतः विचारावं." आणि खाली बारीक अक्षरात, "तिसरीतली बाई चावी घेऊन जाते ते पटत नाही. ती बॉनेटवर ठेवेल."

वेळ नसतो, पण तिसरी वाचलीस. चावीपर्यंत वाचलीस.

आता मी जे लिहिते ते उभ्याने वाचू नकोस. परवा मावशी रोलरपाशी फोन नाकाला लावून 'इंजिन चालू' मोठ्याने वाचत होती. "हवालदाराने शेजारून ब्रेक दाबला." इथे ती थांबली.

"शेजारून कसा दाबला गं? बाईच्या मांडीवरून पाय टाकून?"

"त्याच्या बाजूचा ब्रेक," मी म्हटलं.

"त्याच्या बाजूला कुठला आला ब्रेक?"

"असतो की. शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी."

मावशीने रोलर बंद केला. रोलर ती आग लागली तरच बंद करते. "तू कुठल्या गाडीत वाढलीस?" तिने खिडकीतून व्हॅनच्या ड्रायव्हरला हाक मारली. "ए, तुझ्या गाडीला ब्रेक किती?"

"एक. तोही मनात असेल तर लागतो."

सगळं धुलाईघर हसलं. मीही हसले, आणि हसता हसता माझ्या हातातले दोन्ही कोपरे सुटले. पोलिसांच्या जीपला शेजारचा ब्रेक नसतो, ताई. कुणाच्याच गाडीला नसतो, आपल्यासारख्या शिकवायच्या गाड्या सोडून. मी ती गोष्ट तीनदा वाचली आणि मला काही खटकलं नाही. तुलाही नाही खटकलं. तू रोज गाडी शिकवतेस, चावी कुठे ठेवायची तेवढं तुला खटकलं, पण ब्रेक नाही. ही चूक लिहिणारा आणि न खटकता वाचणारा, दोघंही एकाच घरातले असायला हवेत.

गोष्टीखालच्या प्रतिक्रिया मी मग पहिल्यांदा नीट बघितल्या. एकाने लिहिलंय, "लेखकाने जन्मात जीप पाहिलेली दिसत नाही." त्याला 'शेजारची सीट'ने उत्तर दिलंय, "गाडीला दोन ब्रेक असलेले बरे." हा आवाज तुला ऐकू येत नसेल तर कान तपासून घे. आणि ते नाव. शेजारची सीट. मी एवढी मठ्ठ कशी, हे मला मावशीने तीन वेळा विचारलं.

मी काकांना फोन लावला. म्हटलं, बाबा एकटे बोलतात म्हणजे नेमकं काय बोलतात? काका म्हणाले, "भिंतीतून सगळं ऐकू येत नाही गं, पण 'हवालदार म्हणाला', 'बाई म्हणाल्या' असं काहीतरी. आमची ही म्हणते, डोक्यावर परिणाम झाला." डोक्यावर काहीही झालेलं नाही. ते फोनला गोष्ट सांगतात आणि फोन ती टाइप करतो, प्रतिक्रियाही तोच वाचून दाखवत असणार. म्हणून स्वल्पविराम नाहीत.

पण ते हाताने का लिहीत नाहीत? हे मला मघाशी सुचलं, पत्र लिहिता लिहिता, आणि मग मी ब्रेकचा भाग परत काढला. तू चावीवर अडलीस आणि त्याच्या पुढचं सोडलंस असं मला वाटतं, कारण ते वाचून कुणी चावीबद्दल लिहिणार नाही. तुझ्यासाठी जसंच्या तसं उतरवते. स्वल्पविराम माझे.

"वळणावर रस्त्याच्या मधोमध माणूस उभा होता. हवालदाराला दिसला, बाईंना दिसला नाही, म्हणून त्याने ब्रेक दाबला. बाई उतरून चालत गेल्या. मग हवालदार उतरून पुढे जाऊन बघतो तर माणूस नाही. झाडाची सावली होती. त्याला असं आधीही दोनतीनदा दिसलं होतं, पण तो कुणाला बोलला नव्हता. डोळे गेले असं कळलं असतं तर सीट गेली असती. सीट जाऊ नये म्हणून तो गप्प बसला, आणि बाई गेल्या."

मी हे मावशीला वाचून दाखवलं नाही. तिला वाचता येतंच, पण दाखवलं नाही.

त्यांचा तुझ्यावर भरवसा नव्हता म्हणून त्यांनी ब्रेक दाबला, असं तू समजून बसलीस. मीही तेच समजत होते, फक्त मी म्हणायचे जाऊ दे. त्यांना दिसलं होतं, ताई. त्यांना चुकीचं दिसलं होतं. आणि हे सांगायला त्यांना मुलगी चालेना, बायको असती तर तीही चालली नसती, पोलिसातला एक खोटा हवालदार लागला.

एवढा वैताग आलाय मला की सांगता सोय नाही. सरळ बोलले असते तर आज मला चादरी सोडून ही हेरगिरी करावी लागली नसती. तू तरी फोन कर.

भिंगरी


२३ मार्च, घाईत

तुझं कार्ड. "डोळे कधीपासून?"

मला काय माहीत कधीपासून. मला विचारतेस? त्यांना विचार. नंबर तोच आहे.


२ एप्रिल

ताई,

तू फोनवर बोलली नाहीस. हे मला काकांकडून कळलं. काकांना आता आपल्या घरातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं. तू म्हणे फोन लावलास, दोन वेळा वाजला आणि ठेवून दिलास. बाबा काकांना विचारत होते, "हा नंबर वाचून दाखवा बरं." काकांनी वाचला. बाबा म्हणाले, "चुकून लागला असेल." मग फोन खिशात घालून तसेच बसले. डोकं आपटून घ्यावंसं वाटतं, पण इथे सगळ्या भिंती गरम असतात.

इकडे 'इंजिन चालू' अडकलीय. शेवटचा भाग येईना, नुसती एक सूचना आली. "हवालदाराने बाईंकडे राहायला जावे असे लेखकाला वाटते. परंतु बाईंनी बोलावलेले नाही. वाचकांनी मार्ग सुचवावा." ताई, माणूस आपल्या मुलीकडे जावं की नाही हे परक्या लोकांना विचारतोय, आणि लोकही सुचवतायत. एक म्हणतो हवालदाराला गोळी लागू द्या म्हणजे बाई धावत येतील. एकीला मध्ये एक जुळा भाऊ हवाय.

मला राहवलं नाही. मी खोट्या नावाने लांबलचक प्रतिक्रिया लिहिली. म्हटलं, विचारत बसू नये आणि बोलावण्याची वाट बघू नये. बॅग भरावी आणि दारात जाऊन उभं राहावं. घरचं माणूस दारात आल्यावर त्याला कुणी हाकलत नाही, फार तर दोन दिवस तोंड पाडून जेवायला वाढतील. ते खाऊन घ्यावं. मावशी म्हणाली, झकास लिहिलंस, पण मध्ये भलतंच काहीतरी आलंय तुझं. येतं ते माझं, काय करू.

दुसऱ्या दिवशी खाली उत्तर होतं. "सूचना योग्य वाटते. आभारी आहे."

म्हणजे ते तुझ्याकडे यायला निघतील. काकांना मी विचारलं, ते म्हणाले, कपाट उघडं दिसतंय आणि मोठी बॅग पलंगावर आहे. म्हणून हे पत्र. तुझी ती तळमजल्याची खोली रिकामी कर. तिथे तू जुने टायर रचून ठेवलेस हे मला तुझ्याच एका शिकाऊ मुलाने सांगितलं, तो इथे गाडी धुवायला येतो. टायर काढ. दिवा मोठा लाव. आणि ते दारात आले की पहिल्यांदा ब्रेकचं काढू नकोस, डोळ्यांचंही काढू नकोस. चहा विचार. तुला येत नसेल तर हे वाक्य पाठ कर, "चहा घेता का?" एवढं

थांब, मावशी खिडकीतून काय ओरडतेय बघते. मागच्या फाटकाशी कुणी बॅग घेऊन उभं आहे म्हणे, आणि माझ्याबद्दल विचारतंय. मला वाटलं, तूच आलीस.

बाबा आलेत.

तुझ्याकडे नाही, ताई. इथे. माझ्याकडे. धुलाईघराच्या मागच्या फाटकाशी बॅग पायात धरून उभे होते आणि टायरवर हात फिरवत व्हॅनच्या ड्रायव्हरला सांगत होते की तुझी पुढची चाकं आतल्या बाजूने झिजलीत. मी धावत गेले. मला आधी रागच आला.

"तुम्ही इथे कसे? तुम्हाला ताईकडे जायला सांगितलं होतं ना मी."

"तू कधी सांगितलंस?"

मी बॅग उचलायला वाकले.

"प्रतिक्रियेत," ते म्हणाले. "हवालदाराला उपदेश करता करता मध्येच चादरीचे कोपरे कसे जुळवायचे ते सांगणारं दुसरं कोण असणार? काकांकडूनही वाचून घेतलं मी. तेही हसले."

"मग तिकडे का नाही गेलात?"

ते व्हॅनच्या चाकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिच्या गावाची बस मध्येच थांबते. कुठे उतरायचं त्याची पाटी वाचावी लागते. तुझी बस इथे येऊन संपते. सगळे उतरले की उतरायचं."

एवढंच. मावशीने त्यांना आत बसवलंय, चहा दिलाय, आणि आत्ता ती त्यांच्यासमोर हात कमरेवर ठेवून विचारतेय की हवालदाराचं पुढे काय करणार ते आधी सांगा. ते लाजलेत. मी त्यांना कधी लाजलेलं बघितलं नव्हतं.

टपाल संध्याकाळी निघतं, त्यात हे टाकते. काकांना तुला फोनही करायला सांगितलाय, दुसऱ्या कुणाचा नंबर असला तर तू उचलतेस असं ते म्हणाले. माझी खाट मी त्यांना दिली, पण तिच्यावर सरळ झोपता येत नाही आणि इथे जिना आहे, तोही लोखंडी. तू ये. गाडी घेऊन ये. मला चालवता येत नाही आणि त्यांना दिसत नाही.

भिंगरी